बरणीवरचा शब्द

सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेचे कुलूप निघते. सफाईच्या मावशी खिडक्या ढकलतात, ओट्यावरून ओले फडके फिरवतात आणि आमची बरणी हातभर सरकवतात. मग काचेवर ऊन येते आणि कुजक्या गवताच्या गढूळ पाण्यात माझा दिवस सुरू होतो.

मित्रांनो, मी एक जुना जीव आहे, अवघ्या एका पेशीचा. किती जुना, ते विचारू नका. मधोमध आडवा तुटून माझे दोन होतात आणि दोघेही ‘मीच तो’ म्हणतात. आमच्यात थोरल्या-धाकट्याचा वाद नाही. वाद आहे तो नावाचा.

माझ्या अंगभर बारीक केस आहेत. तेच वल्ह्यांसारखे मारत मी पोहतो. त्या केसांपायी एका पुस्तकात मी रोमक झालो, दुसऱ्यात पक्ष्माभिकाधारी, तिसऱ्यात लोमश आदिजीव. आकार पाहून कुणी सरळ चप्पलही म्हणते. मला धड नाव कुणी ठेवले नाही. नावे मात्र सगळ्यांनी ठेवली.

तरी इथवर मी सोसले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मुले ‘अय्या, पळाला!’ म्हणत, तेव्हा बरेही वाटे. पण यंदा जीवशास्त्राच्या बाईंनी बरणीला नवी चिठ्ठी लावली. ‘पक्ष्माभिकाधारी’ तिच्यात मावेना, म्हणून लिहिले, ‘केसाळ जंतू’.

जंतू! अहो, जंतू तर मी खातो! तुम्हाला कुणी ‘ए भाकरी’ अशी हाक मारली तर?

व्हायचे तेच झाले. आज मावशी बाटली घेऊन उभ्या राहिल्या.

“बाई, हेडसर म्हणालेत, जंतूबिंतू दुपारच्या आत साफ करा. ओतू ना फिनेल?”

“अहो मावशी, थांबा! ते तसले जंतू नाहीत!”

“मग लिहिलंय कुणी? मी?”

“चिठ्ठी लहान होती हो.”

“वा! चिठ्ठी लहान, म्हणून त्यांनी मरायचं?”

बाई ओशाळल्या. त्यांनी पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि मावशींना सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवले. त्या थेंबात मीच होतो.

“अगंबाई! केवढी धावपळ! निघालेत कुठं सगळे?”

“जेवायला.”

“आणि खातात काय?”

“जंतू.”

मावशींनी डोळा वर केला. “म्हणजे सफाईवालेच की! आमच्यातलेच.”

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. कुणाला नाव देण्याआधी एकदा वाकून नीट पाहा आणि शब्द मावत नसेल, तर चिठ्ठी मोठी घ्या.

मग बाईंनी नखाने जुनी चिठ्ठी खरवडून काढली, नवी कापली आणि तिच्यावर एकच शब्द लिहिला: ‘पाळीव’.

हेही चूकच. मला कुणी पाळत नाही. पण मी हरकत घेतली नाही.

मावशींनी फिनेलची बाटली खालच्या फळीवर ठेवली आणि बरणी पुन्हा उन्हात सरकवली.