शीतपेटीतली ठकठक

दारापासून पार रस्त्यापर्यंत माणसं दाटली होती. आतल्या खोलीत माझा भाचा काचेच्या झाकणाच्या शीतपेटीत निजलेला, आणि त्या पेटीतून मधूनच आवाज येत होता. ठक-ठक.

"जिवंत आहे हो!" कुणीतरी ओरडलं.

डॉक्टरांनी आदल्या सकाळीच सारं संपल्याचं सांगितलं होतं. पण ठकठक ऐकल्यापासून ताई पेटीला बिलगून बसली होती. एकुलता एक मुलगा गेलेला. तिला काय बोलणार?

तेवढ्यात कुणीतरी बोलावून आणलेले महाराज आले. "डॉक्टर शरीर बघतात, आम्ही प्राण बघतो. प्राण वाटेत अडकलाय." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "बाळा, परत यायचंय ना?" आणि जप सुरू केला. जप लांबतच गेला. शेवटी ठक-ठक झालं, तसा थांबला.

"हो म्हणाला! आता मी सांगेपर्यंत अंत्यसंस्कार नाही."

"उत्तराला एवढा वेळ का लागला?" मी बाकावरून विचारलं.

"मामासाहेब, तो लांबून येतोय. तुमच्यासारखा बाकावर बसून नाही."

लोक हसले. मयताच्या घरात हसले.

भाच्याची मुलगी इतका वेळ भिंतीला टेकून होती. भाचा फ्रिज दुरुस्त करायचा आणि ही शाळा सुटली की त्याच्या दुकानात जाऊन बसायची. ती उठली. बापाच्या पिशवीतला लांब स्क्रूड्रायव्हर तिने पेटीच्या खालच्या पत्र्याला टेकवला आणि मुठीला कान लावला.

"आजी, आवाज खालून येतोय. कॉम्प्रेसरमधून."

"पोरी, बापाच्या वाटेत येऊ नकोस," महाराज गरजले.

"आता कुणी काही विचारू नका. जपही नको." तिने बटण बंद केलं. ठक-ठक.

थोडा वेळ थांबून तिने पेटी चालू केली. घरघर सुरू झाली. पुन्हा बटण बंद. ठक-ठक.

तिने पेटीचा खालचा पत्रा उघडला आणि वाकून आत बोट दाखवलं. "कॉम्प्रेसर रबरी पायांवर बसवलेला असतो. बंद पडताना तो हिसका देतो. इथं एका पायाचं रबर फाटलंय, म्हणून लोखंडावर लोखंड आपटतं. पेटी गार झाली की तो आपोआप बंद होतो, तेव्हाही हेच. महाराज फक्त तोवर जप लांबवतात."

तिने फाटक्या रबराच्या जागी पिशवीतला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दाबून बसवला. पेटी चालू केली, बंद केली. काहीच नाही.

"विचारा आता."

महाराजांना दुसरीकडचं तातडीचं बोलावणं आठवलं. गर्दीही पांगू लागली.

ताईने काचेला कान लावला. बराच वेळ लावला. "का गं त्याला गप्प केलंस?"

पोरीचा चेहरा एकदम लहान झाला. "आजी, बाबा कालच गप्प झाले." इतका वेळ न रडलेली ती आता आजीच्या मांडीत कोसळली. ताईने काचेवरचं दव हाताने पुसलं, मुलाचं तोंड डोळे भरून पाहिलं आणि म्हणाली, "न्या त्याला."

दुःखात माणूस कुठल्याही आवाजाला साद समजतो, त्याला कुणी हसू नये. पण आवाज आला तर तो कुठून येतो, हे आधी वाकून बघावं. त्या दिवशी आम्ही सगळे शहाणेसुरते नुसते कान टवकारून उभे होतो. वाकली ती एकटी पोर, आणि बाप तिचा गेला होता.