मागच्या खणातलं सिमेंट

आम्ही जहाजं फोडतो. म्हणजे मी गॅस कटर चालवतो, तुकडे दुसरे उचलतात. गेल्या महिन्यात एक म्हातारी मालबोट किनाऱ्यावर चढवली. आजोबा बघायला आले. पुढच्या टोकावर हात फिरवत राहिले. बोटीचं नाव कितीदा तरी बदललं होतं, पण नुसतं रंगाने. वेल्डिंगने उठवलेली जुनी अक्षरं खाली तशीच.

"हीच," आजोबा म्हणाले.

युद्धात ते आणि त्यांचा धाकटा भाऊ हिच्यावर खलाशी. दारूगोळा न्यायचे. पाणतीर लागला, धाकटा मागच्या खणात अडकला. बोट कशीबशी बंदरात आली, पण थांबायला वेळ कुणाला? वाकलेल्या पत्र्यांमागे हात पोचेना, म्हणून भोक बुजवायला वरूनच सिमेंट ओतलं आणि बोट पुन्हा रवाना. घरी कळवलं, समुद्रात बेपत्ता. आजोबा घसा फोडून सांगायचे, तो आतच आहे. वेड्यात काढलं त्यांना. बोटीचा मात्र सत्कार झाला. मग तिने मीठ वाहिलं, मेंढ्या वाहिल्या, खडी वाहिली. त्याला घेऊनच.

"सिमेंटपर्यंत पोचलास की मला बोलव," आजोबा म्हणाले. "त्याला मातीत ठेवू."

मी मुकादमाला सांगितलं.

"लोखंडाचं बोल," तो म्हणाला. "भुतं निघाली तर त्यांनाही कामाला लावू."

"मुकादम, मस्करी नको."

"बरं बाबा, सांगतो तुला."

मला पुढच्या टोकाला जुंपलं. मुकादमाचा निरोप येईना, म्हणून एक दिवस सकाळी आजोबांना घेऊन गेलो. फाटकापाशी लॉऱ्या रुतायच्या तो खड्डा बुजलेला. "चला, एवढं तरी केलं यांनी," मी म्हणालो. दोघं त्यावरून आत गेलो.

मागचा खण रिकामा. मशीनवाला चहा पीत होता.

"सिमेंट?"

"फोडलं काल. फाटकातल्या खड्ड्यात टाकलं."

"आत काही होतं?"

"पट्टा होता चामड्याचा. अजून काय काय. कोण बघत बसतंय?"

आजोबा खाली वाकले, चपला काढून हातात घेतल्या.

आता ते रोज फाटकापाशी बसतात. लॉरी आली की उठून हात करतात, बाजूने घे म्हणून. ड्रायव्हर हसतात. मुकादम म्हणतो, "फुकटचा वॉचमन मिळाला रे तुझा म्हातारा."

बाजूने रस्ताच नाही. लॉऱ्या त्यावरूनच जातात. कामावर जाताना मीही.