नाकोबाच्या आतला हात

मी नाकोबा बोलतोय. बोलतोय असं आपलं म्हणायचं, कारण माझं तोंड रंगवलेलं आहे, ते उघडत नाही. आजवर माझ्या नावावर दुसरेच बोलले. आज मात्र माझं मला बोलू द्या. एक गोष्ट फार दिवस पोटात अडकून राहिली आहे.

मी हातात घालून नाचवायचा बाहुला. डोकं कागदाच्या लगद्याचं, अंगरखा हिरव्या मखमलीचा. माझे जन्मदाते सोफे शिवायचे. कुठल्याशा दिवाणखान्याच्या सोफ्याचं कापड उरलं, त्यातून मी झालो. नाक करताना लगदा जरा जास्तच पडला आणि तो काढायचा त्यांना कंटाळा आला. "असू दे, शोभतंय त्याला," म्हणाले, आणि मी नाकोबा झालो.

मला केलं त्यांच्या मुलीसाठी. तिला घरात सगळे बटण म्हणत. लहानपणी सोफ्याचं बटण नाकात घालून तिने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. ती त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबांची तर्जनी माझ्या मानेत, अंगठा माझ्या एका हातात आणि मधलं बोट दुसऱ्यात. तिने जेवताना नाक मुरडलं की मी टेबलाखालून वर यायचो. "बटण, ताट स्वच्छ कर, नाहीतर माझं नाक तुला चिकटवीन!" त्या तर्जनीने घासून घासून माझ्या डोक्यात आतून एक खोबण पडली. पुढे बटण मोठी झाली, दुकानात बाबांच्या शेजारी बसून शिवू लागली, आणि मी कपाटावर धूळ खात बसलो.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. लिहायला पाटी मिळाली, पण पाटीवर सगळं सांगता येतं, टोमणा मारता येत नाही. आणि टोमण्याशिवाय बाबांना करमायचं नाही. एके दिवशी बटण मला पिशवीत घालून वॉर्डात घेऊन गेली. बाबांनी मला हातात चढवलं. सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या तसं मी दोन्ही हातांनी नाक झाकून घेतलं. बटण पटकन बोलली, "सिस्टर, इथे नका हं टोचू, सुई आरपार जायला संध्याकाळ होईल!" अख्खा वॉर्ड हसला. तेव्हापासून हात बाबांचा आणि आवाज बटणचा, असं आमचं ठरून गेलं.

बटण बाबांचा हात अचूक वाचायची. मान तिरकी झाली की राग, हात लोंबले की कंटाळा. मला आतून कळायचं ते तिला बाहेरून कळायचं. चुकली ती एकदाच.

त्या दुपारी बाबांना उशीवरून मान उचलवत नव्हती. तरी त्यांनी मला मागून घेतलं. माझे दोन्ही हात बटणच्या गालांना लावले. मग माझं तोंड दाराकडे वळवलं आणि हात खाली सोडले. बटणने दाराकडे पाहिलं. तिला वाटायचं होतं तेच तिला वाटलं. माझ्या आवाजात ती म्हणाली, "चहा घेऊन ये गं बटण, मग भरपूर गप्पा मारू!" आणि हसत हसत खाली कॅन्टीनला गेली.

बाबांनी चहा मागितला नव्हता. मी निघालो, असं ते सांगत होते. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि माझं तोंड तर रंगवलेलं. ती परत येईपर्यंत तो हात माझ्या आत हळूहळू गार होत गेला. तिने कप खिडकीत ठेवला आणि हाक मारली.

पुढे बरेच महिने ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मग एका शनिवारी दुकान लवकर बंद करून ती मला घेऊन त्याच वॉर्डात गेली. "बाबांच्या नावाने काहीतरी करायचंय," एवढंच सिस्टरांना म्हणाली. सोबत चिंध्या, लगदा, रंग. तेव्हापासून दर शनिवारी तिथली माणसं आपापले बाहुले करतात. कोणाचा टकला, कोणाचा मिशाळ, एका आजींनी तर डॉक्टरच केला आणि त्याला रोज झापतात. ज्यांचा आवाज गेलाय ते मला घालतात आणि बटण त्यांच्या हाताचं बोलते. प्रत्येक हातानंतर माझा अंगरखा उकळत्या पाण्यात जातो, डोकं स्पिरिटने पुसलं जातं. अंगरखा कितीही उकळा, खोबण मात्र जात नाही. पिशवीत मी रिकामा पडलेला असतो, तरी तिथे बोट असतं. बटण माझा आवाज काढते तेव्हा हल्ली तो बाबांच्या आवाजासारखा येतो. बाबांचा ऑपरेशनआधीचा आवाज ऐकलेल्या जुन्या सिस्टर दचकून मागे बघतात आणि मग उगाच औषधांचा ट्रे लावत बसतात.

त्या वॉर्डात एक बस कंडक्टर होते. जन्मभर ओरडून पोट भरलं आणि आता घशातून हूं की चूं निघत नव्हतं. त्यांनी मला घातलं की बटण ओरडायची, "चला पुढे सरका, आत जागा आहे!" बायको शेजारी बसून असे. ती पाटी पुढे करी, ते "बरं आहे" लिहीत. ती वाचणार म्हणूनच ते तसं लिहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून एक उपचार करून बघता येईल, फारसा उपयोग होईल असं नाही. बायकोला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं होतं.

एका शनिवारी कंडक्टरांनी मला घातलं. माझे हात बायकोच्या गालांना लावले. मग माझं तोंड दाराकडे वळवलं आणि हात खाली सोडले.

बटणने या वेळी दाराकडे पाहिलं नाही.

"काय म्हणतायत हो?" बायकोने विचारलं. "चहा हवाय का?"

हो म्हणणं किती सोपं होतं! बायको लगबगीने उठली असती, सगळे हसले असते. माझ्या आत ते बोट नेमकं त्या खोबणीत रुतून बसलं होतं. कंडक्टरांचं की आणखी कोणाचं, मला कळेना. बटण माझ्याकडे बघत राहिली. मग माझा आवाज न काढता, स्वतःच्या आवाजात म्हणाली, "काकू, ते म्हणतायत, आता बास. मला घरी ने."

"तुमच्या मनातलं त्यांच्या तोंडी घालू नका!" काकू ताडकन उठल्या. "परवाच तर बरं आहे म्हणाले!" मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही असं म्हणालात?"

माझी मान हलली. एकदा, आणि थांबून परत एकदा. काकूंनी मला त्यांच्या हातावरून काढून बाजूला ठेवलं, तो उघडा हात धरला आणि लहान मुलीसारख्या रडल्या.

ते घरी गेले. पुढे काकू एकट्याच वॉर्डात आल्या तेव्हा सांगत होत्या, गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बस बघायचे, आणि गेले तेव्हा त्या शेजारीच होत्या. सांगता सांगता त्यांनी बटणचा हात दाबला. "तू बोललीस म्हणून मी होते गं तिथे."

सगळे गेल्यावर बटण जिन्यात बसली. मला मांडीवर घेऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही चहा मागितलाच नव्हता ना?"

आत हात असल्याशिवाय मला मान नसते. तिला ते माहीत होतं. तिने हात घातला. खोबण बाबांच्या बोटाची, तिचं बोट तिथे सैल पडतं. ती हलली नाही. तिचा श्वाससुद्धा हलला नाही. माझी मान मात्र हलली.

"सांगितलं असतंत नीट, तर थांबले असते हो," ती म्हणाली. पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

आता माझ्या नाकाचा रंग उडालाय, मान जरा लुळी पडलीय. शनिवार चुकवत नाही. तुमची रजा घेण्याआधी एवढंच मागतो. तुमच्या माणसाने कधी नुसता हात हलवला, दाराकडे बघितलं, तर चटकन उठून चहा आणायला जाऊ नका. बसा जरा.