तिसऱ्या बेटावरची झोप

नवऱ्याने स्वतःहून माझी पिशवी उचलली तेव्हाच मला शंका आली. हा माणूस कारखान्याच्या स्टोअरमध्ये दिवसभर खोकी इकडची तिकडे करतो, पण घरी स्वतःचं ताट उचलायचं म्हटलं की याची कंबर धरते. आणि आज धक्क्यावर, चारचौघांत, माझी पिशवी याच्या खांद्यावर. वर "दमली असशील, दे इकडे" हेही. मी मनात म्हटलं, चला, काहीतरी गळ्यात पडणार.

दिवसभराची बोटीची सहल, चार बेटं, मधे जेवण, शेवटी सूर्यास्त. तिकिटंही ह्यांनीच काढली होती. "आईचं सगळं तू केलंस, तुला जरा विश्रांती नको का?" असं म्हणाले होते. विश्रांती म्हणजे पहाटे उठून, डबा भरून, दोन बस बदलून, ओल्या फळीवरून तोल सांभाळत बोटीत चढणं. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मला घरातच राहू द्या, दार लावून घ्या आणि संध्याकाळपर्यंत कुणी हाक मारू नका. पण विचारलं कुणी?

सासूबाईंना जाऊन दोन महिने झाले होते. त्याआधीची नऊ वर्षं त्या आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. हाक मारता येईना म्हणून मीच त्यांच्या खाटेला एक छोटी पितळी घंटा बांधली आणि दोरी त्यांच्या डाव्या हातात दिली. एक टण म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदलायची, आणि टणटणटण म्हणजे तू येईपर्यंत मी थांबत नाही. त्यांचा काही दोष नव्हता. पण घंटा एकदा अंगात मुरली ती मुरलीच. त्या गेल्यावरही कुठे काही वाजलं की मी उभी. परवा टीव्हीतल्या कुणाच्या तरी दाराची घंटी वाजली, तर मी कणकेच्या हातांनी आतल्या खोलीत जाऊन पोचले होते. खाट रिकामी होती.

त्या खाटेच्या जागी पूर्वी माझं शिवणाचं मशीन असायचं. खिडकीचा उजेड थेट सुईवर पडायचा. आसपासच्या शाळांचे गणवेश मी शिवायची, बायका रांग लावायच्या. खाट आत आली आणि मशीन बाल्कनीत गेलं, प्लास्टिकखाली. एवढीच माझी इच्छा होती, की खाट कुणालातरी देऊन टाकावी आणि मशीन पुन्हा खिडकीशी आणावं. दोन महिने मी हे बोलत होते आणि दोन महिने हे "बघू" म्हणत होते.

तर बोट. लांबलचक, वर कापडाचं छत, दोन्ही बाजूंना फळ्यांची बाकं, कुबट वासाची लाइफ जॅकेटं. आमच्या गाईडच्या हातात कायम भोंगा असायचा, समोरच्याशी बोलतानासुद्धा. मी त्याचं नाव भोंगेवाला ठेवून टाकलं. बोटीवर चार गट होते. कॉलेजची मुलंमुली, एका म्हाताऱ्या आजींना घेऊन आलेल्या तिघी लेकी, एक नवं जोडपं आणि आम्ही.

"ऐका मंडळी," भोंगेवाला म्हणाला, "मी डोकी मोजत नाही. मोजायला लागलो की माणसं हलतात. प्रत्येक ग्रुपचा एक प्रमुख. निघताना मी घंटा वाजवणार, तुम्ही बोटीत यायचं. मी विचारणार, प्रमुखाने 'आलो' म्हणायचं, की बोट सुटली. कळलं?"

आमचे प्रमुख कोण, हे सांगायला नकोच. आणि बोटीच्या मागच्या टोकाला टांगलेली ती पितळी घंटा त्याने नमुन्यादाखल जोरात वाजवून दाखवली.

मी उभी राहिले. नुसती उभी नाही, तोंडातून "आले हं, आई" असंही गेलं. कॉलेजची पोरं खो खो हसली. नव्या जोडप्यातली ती नवी नवरी मात्र हसली नाही. तिने मला हाताला धरून खाली बसवलं आणि काही विचारलं नाही. गुणाची पोर.

पहिल्या बेटावर गुहा होती. दोरीला धरून वर चढायचं, वाकून आत शिरायचं, अंधार बघायचा आणि खाली यायचं. अंधार बघायला एवढी मेहनत! माझे गुडघे कुरकुरत होते. ह्यांनी उतरताना माझा हात धरला. माझी शंका पक्की झाली.

दुसऱ्या बेटाशी बोट पाण्यातच थांबली. चष्मे लावून, तोंडात नळी धरून मासे बघायचे होते. सगळे धपाधप पाण्यात पडले. आम्ही दोघंच बाकावर राहिलो, आणि हे खाकरले.

"आत्या पडली, माहीत आहे ना तुला? खुब्याचं हाड मोडलंय."

माहीत होतं. आत्या म्हणजे ह्यांच्या वडिलांची बहीण. मूलबाळ नाही, एकटी राहते. परवाच मी दवाखान्यात जाऊन त्यांची वेणी घालून आले होते.

"डॉक्टर म्हणतात, आता ती उठून चालेल असं वाटत नाही. ताईचं म्हणणं, की आपल्याकडे खोली आहेच. खाटही आहे."

ताई म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, लाडाने ताई, माझ्या वन्सं. त्यांच्या इमारतीला लिफ्ट आहे, घरात चार खोल्या आहेत आणि आत्याबाईंनी त्यांना लहानपणी काखेवर घेऊन अख्खं गाव हिंडवलंय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, जिना चढून.

"मग वन्संनी न्यावं की," मी म्हटलं.

"अगं, तिला कुठलं जमतंय? ती म्हणाली, वहिनीला सवय आहे."

सवय. म्हणजे एखाद्याला विडीची असते तशी. मी काहीच बोलले नाही. नाही म्हणायचं मनात होतं, अगदी ओठांवर होतं. पण नऊ वर्षांत तो शब्द इतका कमी वापरला होता की जीभ वळेना. आणि आत्याबाई डोळ्यांसमोर येत होत्या, वेणी घालून घेताना लहान मुलीसारखी मान ताठ धरून बसलेल्या. मला त्यांची दया येत होती, आणि त्या दयेचाच राग येत होता. तेवढ्यात पोरं ओलीचिंब वर चढली, घंटा वाजली आणि मी पुन्हा उभी राहिले.

"बस गं, बस," हे म्हणाले. "विचार कर. घाई नाही."

तिसऱ्या बेटावर जेवण. झाडांखाली चटया घातलेल्या, भाजलेले मासे, भात, कलिंगड. सगळ्यांनी जेवण वाढून घेतलं, मी सवयीने आजींना माशातले काटे काढून दिले, ह्यांना पाणी दिलं, आणि मग थंड झालेला भात खाल्ला. जेवण झाल्यावर पोरं वाळूत पाय ओढत गेली. ह्यांचा फोन वाजला. वन्संचा होता, मला बोलण्याच्या सुरावरून कळतं. फोन कानाला लावून हे पाण्याच्या कडेने चालू लागले. मी पिशवी त्यांच्याकडेच दिली आणि म्हटलं, "मी जरा त्या पलीकडच्या झाडाखाली टेकते."

त्यांनी मान हलवली. मला की वन्संना, देव जाणे.

झाडाच्या मागे सावली दाट होती. चटईवर आडवी झाले. इतकंच आठवतं.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि कुठेही आवाज नव्हता. चटया गुंडाळून ठेवलेल्या. स्वयंपाकाची बाई तिच्या होडीतून गेलेली. समुद्रावर बोट नव्हती.

आधी मी घाबरले. माझा फोन पिशवीत, पिशवी बोटीत. किनाऱ्यावर इकडून तिकडे पळाले, दोन्ही हात हलवले, कुणाला ते माहीत नाही. मग दमून वाळूत बसले आणि एकदम लक्षात आलं. बोट गेली, म्हणजे घंटा वाजली असणार. घंटा वाजली आणि मी उठले नाही.

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. सासूबाईंसाठी मी रीतसर रडले होते, पाहुण्यांच्या देखत, पदर तोंडाला लावून. हे रडणं माझ्यासाठी होतं. नऊ वर्षं मी तुकड्या तुकड्यांनी झोपले होते आणि आज अख्खी झोपले. मला जे तोंडाने म्हणता आलं नव्हतं ते माझ्या अंगाने म्हणून टाकलं होतं. मग मी पाय पाण्यात सोडले आणि बसून राहिले. कुणाला पाणी नको होतं, कुणाला कूस बदलायची नव्हती. भीती गेली नव्हती, पण ती एका बाजूला शांत बसली होती.

बोटीवर काय झालं ते नंतर नव्या नवरीने सांगितलं. भोंगेवाल्याने विचारलं तेव्हा हे फोनवर होते. मान वर न करता म्हणाले, "दोघं आलो." शेजारी माझी पिशवी होती. पिशवी आहे म्हणजे मी असणारच, इकडे कुठेतरी, मागे. स्टोअरमध्ये एक नट कमी पडला तर हा माणूस सगळी फडताळं रिकामी करतो. चौथं बेट जवळ आलं तेव्हा ह्यांनी गोळीसाठी सवयीने बाजूला हात पसरला. दुपारची रक्तदाबाची गोळी मीच देते, पाण्यासकट. हात तसाच राहिला. हातावर काहीच पडेना, तेव्हा कुठे ह्यांनी मान वळवली.

बोट परत आली तेव्हा हे नांगर पडायचीही वाट न बघता बुटांसकट पाण्यात उतरले. कमरेपर्यंत भिजले होते, चेहरा पांढराफटक.

"अगं, ओरडायचं नाहीस का?"

"कुणाला?"

मी भोंगेवाल्याकडे वळले. "घंटा वाजवली होती का हो?"

"ताई, तीन वेळा!" तो कळवळून म्हणाला, भोंग्याशिवाय, पहिल्यांदाच. "पलीकडच्या बेटावरची माणसं चढली असतील बोटीत, एवढ्या जोरात!"

सूर्यास्त सगळ्यांचाच हुकला. चौथ्या बेटावर आता जाता येणार नव्हतं. एक पोरगा पैसे परत मागत होता, आजी गाढ झोपल्या होत्या. सगळे थकलेले, मिठाने अंग खरखरीत झालेलं. मी माझ्या जागेवर बसले. हे शेजारी, ओल्या पँटीत कुडकुडत.

"मघाशी फोनवर वन्संना काय सांगितलंत?" मी विचारलं.

हे बुटातलं पाणी ओतत राहिले.

"सांगा की."

"हो म्हणालो. सोमवारी आणतो म्हणालो." मग हळूच, "मला वाटलं, तू काही बोलली नाहीस म्हणजे..."

"म्हणजे मी आहेच. मागे कुठेतरी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट, बऱ्याच दिवसांनी. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि मला ते बघवेना. वाईट माणूस नाही हा. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

धक्क्याचे दिवे दिसायला लागले आणि बाकावर ठेवलेला ह्यांचा फोन वाजला. वन्सं. ह्यांनी फोन हातात धरून ठेवला, उचलेनात. मी हात पुढे केला.

"वन्सं, मी बोलतेय. आत्याबाई आमच्याकडे येणार नाहीत. त्यांचं काय करायचं ते सगळे मिळून ठरवू. मी रविवारी येऊन त्यांना न्हाऊ घालीन, वेणी घालीन, तेवढं मनापासून करीन. पण ती खाट मी उद्या देऊन टाकणार आहे."

"अगं वहिनी, असं कसं? दादाने तर मघाशीच हो सांगितलं!"

"दादांनी मघाशी मी बोटीत आहे असंही सांगितलं होतं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"त्यांनाच विचारा." मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि पिशवीवर डोकं टेकलं. हे काहीतरी सांगायला लागले, अडखळत, पहिल्यापासून. बोट धक्क्याला लागली तशी घंटा वाजली. मला नीट ऐकू आली. पण मी उठले नाही, म्हटलं आधी बाकीचे उतरू देत.