ठकीची साखर

नंदाखाल गावच्या रोझमेरी टीचरनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि ताळा केल्याशिवाय एकाही मुलाला वही मिटू दिली नाही. मग त्या निवृत्त झाल्या, नवरा मार्सेल मधुमेहाने गेला, मुलगा डेरिक कॅनडात स्थिरावला. ताळा करायला घरात उरली ती एक मांजर. मार्सेलने आगाशीच्या बाजारातून पिशवीत घालून आणलेली ठकी.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यात ठकी वाटीमागून वाटी पाणी प्यायला लागली आणि खाऊनही वाळायला लागली. विरारच्या डॉक्टर प्रितेशनी तपासून मधुमेह सांगितला. दिवसातून दोनदा इन्सुलिन, आणि सुई टोचण्याआधी दर वेळी घरीच साखर बघायची. खायला काय घालता, असं त्यांनी विचारलं तेव्हा टीचर ताठ मानेने म्हणाल्या, घरचंच जेवते. या बाजूला घरचं म्हणजे मासळी आलीच, असं धरून डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही.

टीचरच्या घरी मात्र राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मासळी-मटण उंबरठासुद्धा ओलांडत नसे. चाळीस वर्षांचा नेम. घरच्या माणसांना डाळभात, तर मांजरीला दूधभात. ठकी तो नाक मुरडत का होईना खायची आणि टीचरना त्याचं थोडं कौतुकही होतं. दारावर मासे विकणारी पुतळाबाई एकदा रिकाम्या हाताने परतताना म्हणाली होती, "बाय, तुमचा उपास ठीक हाय. पन मांजरीनं काय केलाय?" टीचरनी ते हसण्यावारी नेलं.

मार्सेलचं साखर मोजायचं यंत्र कपाटात तसंच होतं. ठकीचा कान कोमट फडक्याने शेकायचा, कडेला बारीकशी सुई लावायची, थेंब पट्टीला टेकवायचा. पहिल्या दिवशी टीचरच्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले. पंधरवड्याने ठकी आपणहून मांडीवर येऊन बसायला लागली. आकडे मात्र काही केल्या वठणीवर येईनात. तीनशे चाळीस, तीनशे पंचाहत्तर, तीनशे नव्वद. डॉक्टरांनी एका युनिटचे दोन केले, दोनाचे तीन. मार्सेलच्या वेळीही आकडे असेच चढत गेले होते आणि टीचरना त्याचीच धास्ती होती. ठकी गेली, तर घरात हाक मारायला कोणी उरणार नव्हतं.

ईस्टर आला. पुतळाबाईची पाटी पुन्हा दारात उतरली. ठकी तीन दिवस मासळीवर तुटून पडली आणि भाताकडे ढुंकूनही बघेना. त्या तीन दिवसांत पाहुण्यांची वर्दळ होती. टीचर मोजायचं सोडून नुसतीच सुई टोचत राहिल्या. रोज तेच तर येतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

बुधवारी सकाळी ठकी स्वयंपाकघरात आली ती झोकांड्या खात. मागचे पाय तिचे तिला सावरेनात. साखर आणखी चढली असणार, असं टीचरच्या मनाने घेतलं. इन्सुलिन भरलेली सुई हातातच होती. त्यांनी ठकीच्या मानेची कातडी चिमटीत धरलीसुद्धा. मग ताळा करायची जुनी खोड आडवी आली. सुई ओट्यावर ठेवून त्यांनी यंत्र घेतलं.

बेचाळीस.

साखर चढली नव्हती, पार उतरली होती. ती सुई टोचली असती तर ठकी दुपार बघती ना. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं तसा हिरड्यांना मध चोळला. पाव तासाने अडुसष्ट, आणखी अर्ध्या तासाने एकशे बारा. ठकीने डोळे नीट उघडले तेव्हा कुठे टीचर जमिनीवर बसल्या.

डॉक्टरांनी पुन्हा फोन केला. खाणं बदललं का, त्यांनी विचारलं. नाही, असं टीचर म्हणणारच होत्या, तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या बशीवर गेली. बशीत बोंबलाचा काटा होता.

"बदललं," त्या म्हणाल्या. "चाळीस दिवस दूधभात खात होती. उपवास होता."

"कुणाचा?"

"माझा."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे टीचर, इतके दिवस मी भाताला इन्सुलिन देत होतो."

मासळीवर ठकीला एक युनिट पुरेसं झालं.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी पुतळाबाई सवयीने पुढे निघाली होती. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन टीचर फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी तिला हाक मारून दोन बांगडे मागितले. पुतळाबाई कपाळाकडे बघत राहिली.

"मांजरीला," टीचर म्हणाल्या.

बांगडे उकडले आणि घरभर वास सुटला. चाळीस वर्षं टीचरनी मासळी दाराबाहेर ठेवून उपवास केला होता. डाळभात गिळताना आजच्यासारखं तोंडाला पाणी कधी सुटलं नव्हतं. त्यांनी ठकीची साखर बघितली, एकशे तीस. काटे काढून मऊ तुकडे बशीत ठेवले. मग बोटं तोंडाकडे जायच्या आत नळाखाली धरली.