कुऱ्हाड कोणी उगारली

बाबांचा चाळिसावा दिवसही झाला नव्हता. बैठकीच्या खोलीत पुन्हा गाद्या अंथरल्या, कारण मुफ्लिहच्या घरची माणसं तह मागायला आली होती. बाबा गेले ते मुफ्लिहच्या हातून. तो आमचा शेजारी. आता तो करक शहराच्या तुरुंगात होता आणि रिवाजाप्रमाणे तह होईपर्यंत त्याच्या घरच्यांनी गाव सोडलं होतं.

आम्ही बायका आतल्या खोलीत होतो. मधे नुसता पडदा.

"तह देतो," सत्ताम काका म्हणाले. बाबांचे हे धाकटे भाऊ. "पण जीव वाचवायला मारलं, असं तुमच्या पोराने कोर्टात म्हणायचं नाही. गेलेल्या माणसाची बदनामी आम्ही ऐकून घेणार नाही."

"वकील म्हणतो, ते सिद्ध झालं तर तो सुटेल," मुफ्लिहचे वडील म्हणाले.

"मग वकिलालाच घेऊन राहा, गावात कशाला येता?"

कोणीतरी हसलं. म्हाताऱ्याने मान डोलावली. "बरं. भोगेल तो शिक्षा. बायकामुलं तरी घरी येतील."

मी उठले.

"रिहाब, कुठे निघालीस? पुरुष बसलेत तिकडे," आत्या कुजबुजली.

"दिसतायत मला."

"बापाच्या अब्रूचा तरी विचार कर."

"त्यांचा रागही ठाऊक आहे मला, आत्या."

मी पडद्याबाहेर गेले. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते," मी म्हणाले. "मुफ्लिहच्या शेळ्या आमच्या ऑलिव्हच्या बागेत शिरल्या. बाबा कुऱ्हाड घेऊन धावले. तो मागे सरत राहिला, पार कुंपणाच्या भिंतीला टेकेपर्यंत. अबू रिहाब, ऐका माझं, असं बाबांना म्हणत होता. बाबांनी कुऱ्हाड उगारली. तेव्हा त्याने भिंतीतला दगड उचलला. एकदाच मारला. बाबा पडल्यावर पळाला नाही. डोक्याचा रुमाल काढून जखमेवर दाबून बसला."

"पोरी, दुःखाने तुझं डोकं ठिकाणावर नाही," काका म्हणाले.

"डोकं आहे, काका. झोप नाही."

"हे तू कोर्टात सांगणार?"

"विचारलं तर सांगणार. नाही विचारलं तर वकिलाकडे जाऊन सांगणार."

"मग तह नाही," काका मुफ्लिहच्या वडिलांकडे वळले. "तुमच्यातलं एकही माणूस या गावात पाऊल टाकणार नाही."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठला. "घर राहू दे, सत्ताम. पोरगा मिळाला तर मला पुरे." मग तो माझ्याकडे वळला. "मुली, तुझे उपकार—"

"मानू नका," मी म्हणाले. "तो सुटावा असं मला अजिबात वाटत नाही."

तो मान खाली घालून निघून गेला. त्याची माणसंही मागोमाग गेली.

मी आत परतले. बायका दाटीने बसल्या होत्या. जागा द्यायला कोणी सरकलं नाही. मी उंबऱ्यापाशीच भिंतीला टेकून बसले. बाहेर काका माझ्याबद्दल मोठमोठ्याने बोलत होते, आणि ऐकायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.