ओल्या दोरीवर पारखलेला चाकू

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे, आणि मला भीती वाटते. चाकूला कसली आली भीती, असे म्हणून तुम्ही हसाल. पण ज्याच्या धारेवर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो, त्याने निर्धास्त कसे राहावे?

ताल गावात क्रिस्पुलो काकांची भट्टी आहे. तिथे मी घडलो. त्याआधी मी एका मोडक्या ट्रकच्या कमानीचा पाटा होतो. काकांनी मला तापवले, ठोकले, तेलात विझवले आणि रेड्याच्या शिंगाच्या दोन मुठी खिळ्यांनी बसवल्या. या मुठी फिरतात. मिटल्या की माझे पाते दोघींच्या मध्ये लपते, आणि उलट्या फिरवल्या की दोन्ही मिळून एकच मूठ होते. टोकाला एक छोटी खिटी आहे, ती लावली की घडी सुटत नाही.

रस्त्याकडेच्या फळीवर मला मांडले गेले आणि तिथूनच माझी भीती सुरू झाली. चाकूला आपला मालक निवडता येत नाही. एक काळ्या चष्म्याचा माणूस आला. त्याने मला गरागरा फिरवले आणि विचारले, "म्हाताऱ्या, भांडणात झटकन उघडेल ना?"

"भांडायचं तर तोंडानं भांड," काका म्हणाले. "ठेव खाली."

तो हसत निघून गेला, पण त्याचा घामट हात मला कितीतरी दिवस विसरता आला नाही.

मग एका बाजारच्या दिवशी लुमिंग आली. जवळच्या सरोवरात तिचे बांबूचे तराफे होते आणि तराफ्यांखाली जाळ्यांत मासे वाढवलेले होते. तिचा नवरा देन्सियो पाण्यात उतरून ती जाळी सांधायचा. तिच्या पिशवीत एक डबा होता, डब्यात पाणी आणि पाण्यात भिजत घातलेली जाड नायलॉनची दोरी.

"काका, चाकू हवाय. आधीचा स्वस्तातला होता. पाण्यात दोरी कापताना मिटला आणि नवऱ्याच्या दोन बोटांवर बसला. बोटं वाचली, पण आता त्यांना काही कळत नाही."

"पैसे किती आणलेस, पोरी?"

"बाराशे पेसो. त्याच्यावर एकही नाही."

काकांनी तीन चाकू पुढे केले. पहिला चकचकीत, चारशेचा. दुसरा पितळी नक्षीचा, तीन हजारांचा. तिसरा मी, चौदाशेचा. लुमिंगने दोरी वेढे देत फळीच्या पायाला बांधली. चकचकीत चाकूने दोन वेढे झरझर कापले, तिसऱ्यावर तो नुसता घसरू लागला. नक्षीवाल्याची धार चांगली होती, पण ओल्या हातातून त्याची मूठ निसटली. मग तिने मला उचलले. आधी मिटलेलाच कानाशी धरून हलवले. मी खुळखुळलो नाही. उघडून अंगठ्याने पाते डावीउजवीकडे दाबले. मी हललो नाही. पुन्हा मिटून उजेडात धरले आणि धार मुठीला कुठे घासत नाही ना, ते पाहिले. मग दोरी. एक, दोन, पाच, नऊ वेढे. मला दरदरून घाम फुटला असता, जर लोखंडाला फुटत असता तर.

"हा," ती म्हणाली. "पण दोनशे कमी आहेत."

काकांनी कापलेली दोरी उचलून पाहिली. "चाकू घ्यायला दोरी भिजवून आणणारी तूच पहिली. ने बाराशेला. पण नीट ऐक. तो चकचकीत गंजत नाही, हा गंजतो. रोज पुसायचा, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा. हे जमणार नसेल, तर आत्ताच परत ठेव."

"जमेल," लुमिंग म्हणाली.

घरी देन्सियोने मला उलटून पालटून पाहिले. "बाराशे! चाकू आणलास की रेडकू?"

"रेडकू पाण्यात दोरी कापत नाही."

पहिले काही महिने माझे फार लाड झाले. देन्सियो सदऱ्याने मला पुसायचा, खोबरेल लावायचा, शेजाऱ्यांना धार दाखवायचा. मग हळूहळू त्याचा हात आखडला. कधी त्याने मला ओलाच कमरेच्या चामडी म्यानात कोंबले. कधी माझ्या टोकाने माशांचे डबे उघडले आणि खारट रस तसाच सांध्यात राहू दिला. लुमिंग विचारायची, "पुसतोस ना रे?"

"पुसतो गं. किती वेळा विचारशील!"

खोटे होते ते. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. अंधाऱ्या ओल्या म्यानात गंज माझ्या खिळ्यांभोवती कसा चढत होता, ते मला एकेक कण जाणवत होते. एका सकाळी त्याने मला उघडले तेव्हा मी मोठ्याने कुरकुरलो. माझ्या परीने मी सांगत होतो. "म्हाताऱ्यासारखा कण्हतोय," असे म्हणून तो हसला आणि त्याने मला कमरेला खोचले.

त्या आठवड्यात वारा सुटला होता. तराफे एकमेकांवर आदळत होते. एका कोपऱ्यात जाळे फाटले, म्हणून देन्सियो श्वास रोखून खाली उतरला. लुमिंग तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून जाळे विणत होती. एवढ्यात तराफा सरकला, नांगराची दोरी ताणली गेली आणि तिचा एक फास देन्सियोच्या घोट्यावर आवळला.

त्याने पाय ओढला. फास आणखी घट्ट झाला. मग त्याने मला काढले.

खिटी उघडली. मुठी उघडेनात.

मित्रांनो, तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. त्याची बधिर बोटे माझ्यावरून घसरत होती. त्याच्या नाकातून निघालेले बुडबुडे माझ्या अंगावरून वर जात होते. मी जीव खाऊन ताण दिला, पण गंजाने माझे सांधे दाताखाली धरावेत तसे धरले होते. शेवटी त्याने सगळा जोर लावून मला वर ढकलले. पाण्याबाहेर त्याचा फक्त हात आला, आणि हातात मी. हात हवेत होता. तोंड वीतभर खाली, पाण्यात.

लुमिंगला तो हात दिसला.

"देन्सियो!"

ती तराफ्यावरून धावत आली, उपडी पडली आणि तिने मला त्याच्या हातातून सोडवले. मुठी ओढून पाहिल्या. हलेनात. मला तराफ्याच्या लोखंडी कडीवर आपटले, एकदा, दोनदा. मग एक मूठ दातांत धरून दुसरी दोन्ही हातांनी खेचली. कर्रर्र आवाज झाला आणि मी उघडलो. तिचा ओठ फाटला होता. रक्त पुसायलाही ती थांबली नाही. मला घेऊन तिने उडी मारली.

खाली देन्सियोचा हात आता हलत नव्हता. तिने दोरी चाचपली, माझी धार टेकवली. पहिल्या ओढीला अर्धी दोरी गेली. दुसऱ्या ओढीला माझे गंजलेले टोक मोडले. मला वाटले, संपले सगळे. तिसऱ्या ओढीला दोरी तुटली.

वर आणल्यावर बराच वेळ तो नुसता पाणी ओकत होता. मग त्याने श्वास घेतला. लुमिंग त्याच्या पाठीवर थापट्या मारत होती आणि रडत रडत शिव्या देत होती, "गाढवा! पुसतो म्हणालास! पुसतो म्हणालास ना!"

दुसऱ्या दिवशी मला रुमालात गुंडाळून तो स्वतः ताल गावी गेला. क्रिस्पुलो काकांनी माझे खिळे काढले आणि आतला तांबडा चिखल फळीवर झटकला. "बाबा रे, बायकोनं चाकू नीट पारखून नेला होता," ते म्हणाले. "तुला कुणी पारखायचं?"

काकांनी नवे खिळे बसवले आणि मोडलेल्या जागी घासून मला नवे टोक काढून दिले. मी बोटभर आखूड झालो.

त्या गोष्टीला आता सोळा वर्षे झाली. धार लावून लावून माझे पाते अरुंद झाले आहे. देन्सियोचे केस पिकले आहेत, तरी तो पाण्यात उतरतो. उतरण्याआधी तो मला तीनदा उघडतो, तीनदा मिटतो, आणि लुमिंग हातातले काम थांबवून ऐकते. तो पाण्यात असेपर्यंत मी भीतीने गार पडलेला असतो. वर आला की आधी मला पुसतो, मग स्वतःचे अंग.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी वस्तू असेल. विहिरीचा दोर असेल, सायकलचा ब्रेक असेल, नाहीतर आजोबांची काठी. घेताना ती चार ठिकाणी पारखून घ्या, उगाच चमक पाहून भुलू नका. आणि घेतल्यावर तिला विसरू नका. गरजेच्या दिवशी ती अडली, तर तिला दोष देऊ नका. तिने त्याआधी कितीदा तरी कुरकुर केलेली असते. ती ऐका.